पोती एकोणीस, लेखनिक एक

जो मनुष्य आयुष्यभर इतरांविषयी खरे तेच लिहीत आला, त्याच्याविषयी कोणी खोटे लिहिले, तर त्याला रागावण्याचा अधिकार आहे. परंतु त्याच्याविषयी कोणी काहीच लिहिले नाही, तर त्याने रागवावे तरी कोणावर? आणि ती उणीव भरून काढण्यासाठी स्वतःचेच झाकलेले उघडे करावे लागत असेल, तर थोर काय मानावे, स्वतःची प्रतिष्ठा की सत्य? अशा पेचात आमचे कारकूनबुवा वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी सापडले.

बुवा पलटणीत लेखनिक होते. समुद्रापलीकडच्या एका बेटावर शांतिरक्षणासाठी चौदा महिने राहून पलटण परतली, तेव्हा मुदत संपलेल्या एकशे बत्तीस जवानांचे सेवामुक्तीचे दाखले बुवांनी स्वहस्ते लिहिले आणि प्रत्येकाच्या ‘परदेशसेवा’ या रकान्यात चौदा महिने नोंदवले. एकशे तेहतिसावा दाखला त्यांचा स्वतःचा होता. लेखनिकाने स्वतःच्या नोंदीला हात लावू नये, असा नियम होता. उभ्या पलटणीत नियम अक्षरशः पाळणारा मनुष्य एकच होता आणि दुर्दैवाने तोच लेखनिक होता. त्यांनी तेवढा रकाना कोरा ठेवून दाखला साहेबांपुढे सरकवला. साहेबांना घरी जायची घाई. त्यांनी न वाचताच सही ठोकली. पुढे मुख्यालयातल्या कोणा दक्ष गृहस्थाने ती कोरी जागा पाहिली आणि तीत सुवाच्य अक्षरात ‘निरंक’ असे भरून टाकले.

शेहेचाळीस वर्षे त्या निरंकाने बुवांचे काही बिघडवले नाही. मेहुणा तेवढा येता-जाता चिमटा काढी, “भाऊजींचा परदेश म्हणजे छावणीच्या कुंपणापलीकडचं शेत!” बुवा ते हसण्यावारी नेत. पण यंदा माजी सैनिकांच्या संघाने त्या बेटावरच्या सैनिकी दफनभूमीला शेवटची तुकडी न्यायचे ठरवले. अट एकच: दाखल्यावर परदेशसेवा नोंदलेली हवी. यादी महिनाअखेर बंद होणार होती.

त्या दफनभूमीत शिट्ट्या होता. शिट्ट्या म्हणजे पलटणीचा टपालवाला, बुवांचा जिवलग. दिवसभर शीळ घालीत फिरे, म्हणून हे नाव. तीन दिवसांच्या तापात तो गेला. त्याच्या मृत्यूची नोंद तीन प्रतींत करणे बुवांच्या वाट्याला आले. कार्बन कागद संपलेला, म्हणून तिन्ही प्रती हाताने लिहाव्या लागल्या. तिसऱ्या प्रतीची शाई टिपून ते धावत पोचले, तेव्हा माती लोटून झाली होती आणि माणसे परतत होती. ही गोष्ट त्यांनी पत्नीला एकदाच सांगितली होती. दुसऱ्यांदा त्यांच्याने सांगवली नाही.

नोंद दुरुस्तीचा अर्ज घेऊन बुवा अभिलेख कार्यालयात गेले. तिथे चौथ्या खिडकीमागच्या बाईंनी त्यांची जाडजूड फाईल सोडली. हुकूम, हजेरीपट, शिधापत्रके, सारे तारीखवार लावलेले.

“काका, हे सगळे कागद एकाच अक्षरात आहेत.”

“माझंच अक्षर आहे ते,” बुवा अभिमानाने म्हणाले.

“तीच तर अडचण आहे. अर्जदारानं स्वतः लिहिलेला कागद त्याच्याच बाजूचा पुरावा म्हणून चालत नाही.”

“योग्य नियम आहे.”

बाईंनी मान वर करून पाहिले. त्या खिडकीवर नियमाला योग्य म्हणणारा अर्जदार पूर्वी आला नसावा.

“बरोबरच्या एखाद्या जवानाचं प्रतिज्ञापत्र आणता?” त्या सौम्यपणे म्हणाल्या. “त्याच्या दाखल्यावर मात्र परदेशसेवा हवी.”

“आहे ना. सगळ्यांच्याच आहे. मीच लिहिलीय.”

“म्हणजे पुन्हा तुमचंच अक्षर!” बाईंनी कपाळाला हात लावला. “काका, तुम्ही तिथे असताना दुसऱ्या कोणी लिहिलेला एक कागद आणा. तुमचा क्रमांक, तारीख आणि तिथला शिक्का. एक पुरे.”

असा कागद नाही, असे सांगण्यासाठी बुवांनी तोंड उघडले. पण सरकारी खिडकीपुढे असत्य बोलणे त्यांना साधेना. “पाहतो,” एवढेच पुटपुटून ते बाहेर पडले.

कारण असा कागद होता. लोखंडी पेटीच्या तळाशी, ‘गोपनीय’ असे लिहिलेल्या लिफाफ्यात तो शेहेचाळीस वर्षे पडून होता. तो फाडून टाकावा, असे बुवांच्या मनात हजारदा आले असेल. पण शिक्का असलेला कागद फाडणे त्यांच्या लेखी महापातक होते. दोन दिवस ते पेटीभोवती घुटमळले. पुढ्यातला चहा निवून त्यावर साय धरली, तरी त्यांना पत्ता नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली. नऊ दिवस उरले होते. शिट्ट्याला मात्र वाट पाहण्यावाचून दुसरे कामच नव्हते, असे त्यांच्या मनात आले आणि पुढे त्यांच्याने राहवेना.

मेहुणा नेमका त्याच दिवशी येऊन बसला होता. बुवांनी त्याच्या देखतच पेटी उघडली आणि लिफाफा पत्नीच्या हाती दिला. “वाच. मोठ्यानं वाच. एकदाच काय ते होऊन जाऊ दे.”

तिने चष्मा लावला. “‘मुख्य छावणीतून आलेल्या ट्रकमधून मिळाले: टपालाची पोती एकोणीस, लेखनिक एक, निद्रिस्त. सर्व सुस्थितीत.’ अहो, हे काय?”

“पोती मोजायला ट्रकमध्ये चढलो होतो,” बुवा भुईकडे पाहत म्हणाले. “दुपार होती. जरा पाठ टेकली. कोणीतरी वरून ताडपत्री ओढली. जाग आली ती बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या ठाण्यावर. तिथला हवालदार भारी काटेकोर. जेवढं उतरलं, तेवढ्याची पावती फाडली त्यानं. माझा क्रमांकसुद्धा घातला.”

“आणि हा मागचा कागद?”

“शिक्षेचा हुकूम. सात दिवस बटाटे सोलणे.”

मेहुणा खुर्चीवरून घसरायचा तेवढा बाकी होता. पत्नी मात्र हसली नाही. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“बेचाळीस वर्षं झाली लग्नाला. दुपारी दोन मिनिटं माझा डोळा लागला, की तुम्ही भांडी वाजवता! ‘दिवसा झोप म्हणजे कर्तव्यात कसूर’ म्हणे!”

“तो अनुभवाचा बोल होता,” बुवा क्षीण स्वरात म्हणाले.

मग मात्र तिलाही हसू आवरेना. डोळे पुसता पुसता मेहुण्याने पावती पुन्हा वाचली, शिक्का उजेडात धरून पाहिला, आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

“म्हणजे भाऊजी, तुम्ही खरंच गेला होतात?”

“गेलो होतो. अर्धं बेट झोपेत पाहिलं.”

“उद्याच खिडकीवर नेऊन द्या हे,” पत्नी म्हणाली. “लोक हसतील, हसू देत. हसून हसून किती हसतील? शिट्ट्याभावोजींकडं जायचंय ना तुम्हांला?”

दुसऱ्या दिवशी चौथ्या खिडकीवर पावती वाचताना बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि घाईघाईने त्या अधीक्षकांच्या खोलीत गेल्या. आतून खोकल्यासारखा आवाज आला आणि मग बुवांना बोलावणे आले. अधीक्षक गंभीर होते; त्यांचे खांदे मात्र गंभीर नव्हते.

“झोपला होतात, हे मान्य?”

“मान्य. नोंद बरोबर आहे.”

“सुस्थितीत होतात?”

बुवांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. “मान आखडली होती, साहेब. पण हवालदाराला ते बाहेरून दिसण्यासारखं नव्हतं.”

अधीक्षकांनी रुमाल काढून तोंड पुसले. ते जरा वेळ पुसतच राहिले. मग त्यांनी पावतीवरचा क्रमांक दाखल्याशी पडताळला, तारीख पडताळली, शिक्का भिंगाखाली धरला. “यापेक्षा निःपक्षपाती पुरावा या टेबलावर आलेला नाही,” ते म्हणाले. “स्वतःच्या फायद्यासाठी असा कागद कोणी बनवून आणेल, हे शक्यच नाही.”

लाल शाईची एक रेघ निरंकावरून फिरली. वर चौदा महिने लिहिले गेले. बाईंनी शिक्का मारला आणि शाई वाळेपर्यंत स्वतःच्या हाताने त्यावर वारा घातला.

“काका, अर्जात लिहिलेले तुमचे मित्र तिथे आहेत ना?” दाखला देताना त्यांनी विचारले. “त्यांना माझाही नमस्कार सांगा.”

“सांगतो, बाई. पहिला तुमचाच सांगतो.”

महिन्याभराने बुवा त्या दूरच्या बेटावर एका पांढऱ्या दगडाशेजारी बसले होते. तुकडीतली मंडळी पुढे निघून गेली. त्यांना कोणी हाक मारली नाही. बुवांनी दगडावरची धूळ पुसली, बाईंचा नमस्कार सांगितला आणि मग घरची, पलटणीतली, गेलेल्यांची, उरलेल्यांची सारी हकीकत सावकाश सांगितली. कसलीच घाई नव्हती.

चौथ्या खिडकीमागे बसणाऱ्या त्या बाईंच्या हाताला यश असो. आपल्या माणसाची फजिती वाचून त्याच्याच पाठीशी उभी राहणारी ती गृहिणी दीर्घायुषी होवो. काटेकोर हवालदार असेल तेथे सुखी असो. आणि परक्या मातीत निजलेल्या त्या जिवाला शांती लाभो. त्याच्या उशाशी बसायला उशिरा का होईना, त्याचे माणूस आले.