फुंकरमास्तर

सुट्टीत मी गाड्यांचं ट्यूनिंग शिकले आणि मला शिंगं फुटली. म्हणजे आई तसं म्हणते. मी म्हणते, मला फक्त बोलता यायला लागलं. लॅपटॉप गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा, आकडे बदलायचे, की डुगडुगणारं इंजिन शहाण्या मुलासारखं बसतं. नववीतल्या मुलीला हे जमतं म्हटल्यावर लोक तोंडात बोटं घालतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ती बोटं फार आवडायची.

गॅरेज बाबांचं. इंजिन उघडावं तर बाबांनीच. पण लॅपटॉपपाशी त्यांचे हात थंड पडतात. ते माझ्यावर सोडून ते खुशाल बाजूला उभे राहायचे. ‘आमची इंजिनीअर,’ म्हणायचे गिऱ्हाइकांना.

तर एका दातांच्या डॉक्टरांची लाल गाडी आमच्याकडे आली. डॉक्टरांनी तिला हौसेने सुपरचार्जर बसवून घेतला होता. सुपरचार्जर म्हणजे पट्ट्यावर फिरणारा पंप, जो इंजिनात हवा कोंबतो. हवा जास्त, तर पेट्रोलही जास्त हवं. पेट्रोल फवारणारे जुने इंजेक्टर पुरे पडेनात, म्हणून बाबांनी डॉक्टरांनी विकत आणलेले नवे, मोठ्या तोंडाचे इंजेक्टर बसवले. मी शाळेत होते. डॉक्टरांना घाई होती, म्हणून बाबांनी गाडी चालू करून बघितली. काळा धूर! प्लग पेट्रोलने ओलेचिंब.

मी दप्तर घेऊन आत शिरले तेव्हा बाबा एक इंजेक्टर हातात धरून, त्याला रबराची नळी लावून, गाल फुगवून फुंकत होते. ही त्यांची जुनी परीक्षा. बंद इंजेक्टरमधून हवा गेली, तर तो गळतो.

“गळतोय,” बाबा म्हणाले. “डॉक्टर, माल खराब आलाय. परत करा.”

डॉक्टर फोनवर दुकानदाराला झापत होते. शेजारचा पेंटर, जो गाड्या रंगवतो कमी आणि आमच्या दारात चहा पितो जास्त, तोही उभा होता.

“अहो बाबा!” मी तिथूनच ओरडले. “कॉम्प्युटरला सांगितलं का, इंजेक्टर बदललेत म्हणून?”

बाबांनी हातातल्या इंजेक्टरकडे बघितलं.

“त्याला वाटतंय अजून जुनेच आहेत! चमच्याच्या जागी तुम्ही डाव दिलात, आणि तो बिचारा अजून चमचे मोजूनच वाढतोय. मग ताट ओसंडणार नाही तर काय?”

इंजेक्टर परत बसवला, प्लग सुकवले, मी नवे आकडे भरले. गाडी सुरू. धूर नाही, खोकला नाही. डॉक्टरांनी फोन खिशात टाकला आणि चक्क टाळ्या वाजवल्या. इथे मी थांबायला हवं होतं. पण जिभेला हाड नसतं ना!

“बाबांना नका विचारत जाऊ डॉक्टर,” मी म्हणाले. “ते प्रत्येक आजारावर फुंकर मारतात. उद्या तुमचे दातही फुंकून तपासतील!” आणि गाल फुगवून मी बाबांची नक्कल केली.

पेंटरच्या नाकातून चहा आला. “फुंकरमास्तर!” तो म्हणाला. “वा! फुंकरमास्तर!”

सगळ्यांत जोरात मी हसले. बाबाही हसले. हसता हसता त्यांनी ती नळी गुंडाळली, नीट, लहान लहान वेढे घेत, आणि खणात अगदी मागे सारली. त्यांची मान लाल झाली होती. मला ते दिसलं. दिसूनही मी आणखी एकदा गाल फुगवले.

नाव चिकटलं. रंग लागावा तसं. पेंटर सकाळी शटर उघडताना, “काय फुंकरमास्तर, झाली का झोप?” कोपऱ्यावरचा पंक्चरवाला, “मास्तर, जरा माझ्या ट्यूबमध्ये फुंका की!” आठवडाभरात एक नवा माणूस दारात आला आणि साध्या सरळ चेहऱ्याने म्हणाला, “फुंकरमास्तरांचं गॅरेज हेच ना? मला त्यांच्याकडे नाही, त्यांच्या मुलीकडे काम आहे.”

“हेच,” बाबा म्हणाले, आणि मला हाक मारली. ‘आमची इंजिनीअर’ नाही म्हणाले. नुसती हाक.

त्या दिवसापासून जेवताना मी बाबांकडे बघेना. ते मीठ मागायचे, तर मी मीठ सरकवायचे आणि ताटात तोंड खुपसायचे. आईने विचारलं, “काय गं, शिंगं गळाली का?” मी म्हटलं, डोकं दुखतंय.

माफी मागावी, तर ‘कशाची?’ म्हणून विचारतील, आणि मग मला ते तोंडाने सांगावं लागेल. त्यापेक्षा मी एक शक्कल काढली. फार हुशार ना मी!

रविवारी डॉक्टर गाडी पूर्ण ट्यून करून घ्यायला आले, सोबत त्यांचा मेहुणा. आमच्याकडे जमिनीत रोलर आहेत. चाकं त्यांच्यावर ठेवली की गाडी जागच्या जागी पळते, आणि पूर्ण जोरात ती पेट्रोल किती पिते ते लॅपटॉपवर दिसतं. बाबा गाडी पट्ट्यांनी जखडत होते. पेंटर आलाच होता कप घेऊन.

“हेच का ते फुंकरमास्तर?” मेहुण्याने हळूच, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल इतकं हळू, विचारलं.

“खरं सांगू का डॉक्टर,” मी एकदम म्हणाले, “त्या दिवशी बाबांचंच बरोबर होतं. एक इंजेक्टर गळतच होता. थोडासा. मला नंतर कळलं.”

मला वाटलं, आता सगळे बाबांकडे आदराने बघतील. डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं.

“गळका इंजेक्टर? तो माझ्या गाडीत आहे? मी बायकोला घेऊन फिरलो हो त्याच्यातून!”

“पेट घेते की अशी गाडी,” मेहुणा म्हणाला. “भावजी, काढून न्या. इथे काही खरं नाही.”

“नाही, म्हणजे अगदी थोडासाच...” मी म्हणाले. माझा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

बाबा पट्टा सोडून उभे राहिले. हात पुसले. माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं. ते कळताना मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि वाटलं, धरणीने पोटात घेतलं तर बरं होईल.

“एकही गळत नाही,” ते डॉक्टरांना म्हणाले. “तेव्हाही गळत नव्हता. माझी नळी सैल होती, हवा तिथून जात होती. मी चुकलो होतो. ही बरोबर होती.”

“मग ही आत्ता काय म्हणतेय?”

“आत्ता ती खोटं बोलतेय. माझ्यासाठी.”

कोणीच हसलं नाही. पेंटरसुद्धा कपात बघत राहिला. एकदा चुकले होते बाबा, ते माझं साऱ्यांना दाखवून झालं होतं. आता ते त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगायला लावलं. करायला गेले एक!

“मग मी खरं कोणाचं मानू?” डॉक्टर म्हणाले.

“माझं माना. मी चुकलो असं मीच सांगतोय, त्यात माझा काय फायदा?” बाबा म्हणाले. “तरी शंका असेल तर चारही काढून तुमच्यासमोर तपासतो. आणि मग गाडी न्यायची तर न्या.”

डॉक्टर बराच वेळ दाढी खाजवत राहिले. मेहुणा कानात कुजबुजत होता. शेवटी ते म्हणाले, “काढा. बघू.”

मी आडाखे बांधत उभी होते: बाबा आता म्हणतील, तू घरी जा. ते म्हणाले, “दहाचा पाना दे.”

चारही निघाले, पंपाला जोडून दाबाखाली पांढऱ्या फडक्यावर धरले. एक थेंब पडला नाही. परत बसवले. सगळा वेळ बाबा ‘हे दे’, ‘ते धर’ यापलीकडे एक शब्द बोलले नाहीत, आणि मी तो प्रत्येक शब्द झेलत होते.

मग ते गाडीत बसले. मी शेजारी, मांडीवर लॅपटॉप. पूर्ण जोरात पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन वितळतो. म्हणून एकाने पेट्रोलच्या किती पट हवा जातेय तो आकडा वाचायचा, दुसऱ्याने पायाखालचं सांभाळायचं.

“वाच,” बाबा म्हणाले आणि ॲक्सिलरेटर दाबला.

सुपरचार्जर किंचाळायला लागला. काचेबाहेर डॉक्टर, मेहुणा, पेंटर, सगळे माझ्याकडेच बघत होते, असं मला वाटत होतं.

“साडेअकरा,” मी पुटपुटले. “पावणेबारा...”

“ऐकू येत नाही!”

“पावणेबारा! बारा!” पेट्रोल विरळ होत होतं. मला खात्री होती का? मघापासून माझ्यावर माझाच विश्वास उरला नव्हता. सव्वाबारा. साडेबारा.

“सोडा! बाबा, सोडा!”

त्यांचा पाय त्याच क्षणी उचलला गेला. त्यांनी पडद्याकडे बघितलं नाही. ‘नक्की का?’ विचारलं नाही. तासाभरापूर्वी चारचौघांत खोटं बोललेल्या मुलीने सोडा म्हटलं, आणि त्यांनी सोडलं.

इंजिन गुरगुरत खाली आलं. माझे डोळे भरले होते, आकडे पोहत होते.

“वरच्या टोकाला पेट्रोल वाढव,” बाबा समोर बघत म्हणाले. “किती वाढवायचं ते तुला कळतं. झालं की सांग.”

मी बाहीने नाक पुसलं आणि वाढवलं.