यादीतून खोडलेला सॅटेलाईट फोन

मी एक जुना सॅटेलाईट फोन आहे. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो, मित्रांनो. बाकी तुमच्याशी दोस्ती करायची मला काडीची हौस नाही. माणसांनी माझं वाटोळं केलं आणि मीही एका माणसाचं केलं. निमूट ऐका.

परदेशातल्या कारखान्यातून मी थेट एका टगवर आलो. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणारी दणकट बोट. जिथे तुमच्या मोबाईलला रेंज नसते, तिथे मी सरळ आकाशातल्या उपग्रहाशी बोलायचो. एकदा आखातात इंजिन बंद पडलं आणि बोट खडकांकडे सरकू लागली. मदत मी बोलावली. अकरा जीव वाचले. त्या दसऱ्याला मला झेंडूची माळ घातली. कॅप्टन हर्षवर्धन तर माझ्यापुढे हात जोडून उभा. ढोंगी कुठला!

पुढे बोटीवर उपग्रहाशी बोलणारी नवी पांढरी डिश बसली आणि मला खणात कोंबलं. सोबतीला काय, तर मऊ पडलेली बिस्किटं आणि एक तुटका चष्मा. पाच वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. पाहिलं ते एकट्या संघर्षने. वरळीच्या बीडीडी चाळीतला हा पोरगा टगवर इलेक्ट्रिशियन होता. दर रविवारी माझं तोंड पुसायचा आणि "काय म्हातारबा, बरंय ना?" म्हणायचा. आता त्याला मोठ्या परदेशी जहाजावर नोकरी लागली होती. मुंबईला पोचल्यावर आठवड्याने रुजू व्हायचं होतं. घरी त्याची आई, कौसल्या, बॅग भरून बसली होती.

आता नियम ऐका. आपल्या देशात परवानगीशिवाय सॅटेलाईट फोन चालत नाही. बाहेरून येणाऱ्या बोटीला बंदरात शिरण्याआधी अशा सगळ्या यंत्रांची यादी द्यावी लागते. नियम कडक आहे आणि तो तसाच हवा. किनारा आहे तो, धर्मशाळा नाही. संघर्षने यादी केली, त्यात माझंही नाव लिहिलं. कॅप्टनने पेन घेऊन ते खोडलं.

"अरे, मेलाय तो डबा! फुकटचे प्रश्न विचारत बसतील."

"सर, राहू दे ना. बंद असला तरी फोनच आहे तो."

"तू गप रे. सही माझी आहे."

मेलाय म्हणे! वाचलेल्या अकरा जिवांत एक याचाच होता.

माझगावच्या धक्क्यावर तपासणी झाली. कस्टमच्या अधिकारी मानसी मॅडम यांनी नेमका माझा खण उघडला. "हा यादीत का नाही?"

"मला काय माहीत, मॅडम?" कॅप्टनने हात झटकले. "इलेक्ट्रिकचं सगळं संघर्ष बघतो."

"मॅडम, मी लिहिलं होतं..." संघर्षची जीभ अडखळली. खाडाखोडीचा कागद फाडून कॅप्टनने केव्हाच नवी यादी दिली होती.

मॅडम म्हणाल्या, "खरंच बंद असेल तर भंगार म्हणून नोंद करते, विषय संपला. चालू निघाला तर यादी करणाऱ्या या संघर्षवर केस होईल. लावा चार्जरला."

बस्स. संघर्षची नोकरी माझ्यावर येऊन ठेपली. मी गप्प पडून राहायचं, एवढंच काम होतं. तेवढ्यात कॅप्टन हसला. "लावा की. मढं आहे ते, मॅडम. पेटलं तर नाव बदलीन."

माझं डोकंच फिरलं. मढं कुणाला म्हणतोस रे, कृतघ्ना? होता नव्हता तेवढा जीव गोळा केला आणि लख्ख पेटलो. दिवा, आकडे, सगळं दाखवलं.

संघर्षने माझ्याकडे पाहिलं. शिवी घातली असती तरी चाललं असतं. तो एवढंच म्हणाला, "म्हातारबा, आजच?"

केस त्याच्या नावावर झाली. परदेशी जहाज त्याला न घेता गेलं. कॅप्टन त्याच टगवर मजेत आहे. मी प्लास्टिकच्या पिशवीत, गळ्यात नंबर, पुराव्याच्या कपाटात पडलोय.

मित्रांनो, वस्तू कितीही जुनी असो, बंद असो, तिचं नाव यादीत लिहा. कुणी खोडलं तर त्याच्या तोंडावर पुन्हा लिहा. माझी कीव मात्र करू नका, मला ती सोसणार नाही. मी जिवंत आहे हे त्या दिवशी सगळ्यांना पटलं. ज्याला ते आधीपासून पटलेलं होतं, त्यालाच मी बुडवलं.