कोरड्या छताखाली बादली

सिद्धेशला श्रीमंत व्हायचा रस्ता मोबाइलमध्ये सापडला. कोट घातलेला एक गृहस्थ त्यात रोज सांगायचा: जुनं घर स्वस्तात घ्या, नीट करा, भाड्यानं द्या, वाढलेल्या किमतीवर बँकेकडून जादा कर्ज उचला आणि त्यातून पुढचं घर घ्या. दहा वर्षांत दहा घरं. सिद्धेश कोलशेतच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा. तिथे दहा वर्षांत त्याची फक्त खुर्ची बदलली होती.

तर डोंबिवलीच्या या गुंतवणूकदारानं आंबिवलीला, एका जुन्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर, अकरा लाखांना वन-आरके घेतलं. भाडेकरू आयती मिळाली. रमाबाई सहा वर्षं तिथेच साडेचार हजारांवर राहत होत्या. महापालिकेच्या दवाखान्यात तीस वर्षं आया म्हणून काम करून निवृत्त झालेल्या, एकट्या बाई.

दुरुस्तीला अडीच लाख लागले. त्यासाठी बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. दर्शनानं त्या हातातून काढून दिल्या, पण अट घालूनच. "कल्पिताच्या हळदीला पाटल्या माझ्या हातात पाहिजेत. नाहीतर माझ्या माहेरच्यांना तुझा तो कोटवालाच येऊन समजावेल." कल्पिता तिची धाकटी बहीण आणि हळद दोन महिन्यांवर आलेली.

सिद्धेशनं सगळं एक्सेलमध्ये मांडलं होतं. बँकेनं घर सोळा लाखांचं धरलं की कर्ज, कर्जातून पाटल्या, आणि शिवाय रमाबाईंचं भाडं साडेचाराचं आठ. हे शेवटचं रमाबाईंना माहीत नव्हतं. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. एक्सेलमध्ये त्या जरा जास्त खऱ्या दिसतात, एवढाच फरक.

काम मात्र झकास झालं. नव्या टाइल्स, ग्रॅनाइटचा ओटा, रंग, कमोड. कमोड कोटवाल्याच्या यादीत होता म्हणून बसवलेला. रमाबाईंना वाटलं, आपल्या गुडघ्यांसाठी. पोटच्या पोरानं केलं नसतं ते या माणसानं केलं, असं त्या जिन्यात भेटेल त्याला सांगायच्या.

बँकेचा माणूस किंमत ठरवायला येणार त्या दिवशी कंपनीत ऑडिट निघालं. सिद्धेशनं आदल्या दिवशी रमाबाईंना फोन केला.

"मावशी, उद्या घर मोजायला एक साहेब येतील. दार उघडा, एवढंच."

"तुम्ही निर्धास्त राहा, भाऊ."

आठवड्यानं रिपोर्ट आला. अकरा लाख वीस हजार. अडीच लाख खर्चून घर वीस हजारांनी महागलं होतं. खाली शेरा: छतातून गळती, भिंतींना ओल, स्वयंपाकघर जुनाट. करायला गेलो गणपती आणि झालं माकड, असं म्हणत सिद्धेश रविवारी आंबिवलीला धडकला.

छत कोरडं ठणठणीत होतं. रमाबाईंनी आधी चहा दिला.

"आलेला तुमचा मोजणारा," त्या खुशीत म्हणाल्या. "टेप काढायच्या आत मी त्याला गार केलं. ओट्यावर फाटकी सतरंजी टाकलेली. खोलीच्या मधोमध बादली ठेवली, भिंतीला ओला पोछा मारला. म्हटलं, साहेब, पावसात आम्ही छत्री घेऊन जेवतो."

"पण का, मावशी?"

"का म्हणजे? नवं काम दिसलं की टॅक्स वाढतो. तीस वर्षं महापालिकेत काढलीत मी. मोजायला आलेल्या माणसाला कधी घर चांगलं दाखवू नये."

रिक्षात सिद्धेशनं बरेच कडक शब्द जुळवून ठेवले होते. ते चहाबरोबर गिळावे लागले. ही बाई त्याच्यासाठी परक्या माणसाशी खोटं बोलली होती, आणि त्यानं तिला एक्सेलच्या एका चौकटीत बसवलं होतं. त्याला तिचा रागही आला आणि स्वतःची लाजही वाटली.

"तो बँकेचा होता. घर चांगलं दिसलं असतं तर कर्ज जास्त मिळालं असतं."

रमाबाईंनी कप खाली ठेवला. "म्हणजे कर्ज वाढावं म्हणून तुम्ही धडपडताय?"

"हो."

"आणि शिकलेले आहात तुम्ही."

मग त्यानं पाटल्यांचं सांगितलं. रमाबाईंनी रिकामे कप उचलले. "हे आधी सांगायचं ना. परत बोलवा त्याला."

पुन्हा फी भरून तोच माणूस आला. सिद्धेशनं रजा घेतली होती. बॅगेत भाडं आठ हजार करण्याचं पत्रही टाइप करून आणलं होतं. लाज वाटली तरी आकडे आकडेच असतात.

"चप्पल बाहेर काढा, साहेब. टाइल इटलीची आहे," इस्त्रीची साडी नेसलेल्या रमाबाई म्हणाल्या. टाइल कल्याणची होती.

साहेबांनी वर पाहिलं. "गळती?"

"गेली."

"महिन्याभरात?"

"मालक चांगला असला की जाते."

साहेबांनी काठीनं छत ठोकून पाहिलं, भिंतीवर हात फिरवला आणि मान डोलावली. रमाबाईंनी कमोडचं झाकण उघडून "बसून बघा" असंही सुचवलं. साहेब नको म्हणाले. मग त्यांनी करार चाळला.

"भाडं साडेचार? एवढ्या घराला?"

"कमीच आहे," रमाबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "आठ तरी पाहिजे. मी भाडेकरू असून सांगते."

सिद्धेशचा हात बॅगेवर गेला. भाडेकरूनंच आकडा उच्चारला होता. आता पत्र नुसतं पुढे करायचं होतं.

साहेबांची पावलं जिन्यात विरेपर्यंत रमाबाई थांबल्या. मग दार लावून त्यांनी आवाज खाली आणला.

"भाऊ, ते त्याला सांगायला हं. आपलं आपल्यात साडेचारच ना? पेन्शनीत तेवढंच बसतं."

सिद्धेशनं बॅगेची चेन ओढून घेतली. "साडेचारच, मावशी."

घर साडेपंधरा लाखांचं ठरलं. हळदीला दर्शनाच्या दोन्ही हातांत पाटल्या होत्या आणि ती त्या वाजवत मिरवत होती. एक्सेल तिनं कधीच वाचून ठेवलं होतं.

"आणि ते आठ हजारांचं काय झालं रे?" तिनं विचारलं.

"ते बँकेला सांगायला होतं," सिद्धेश म्हणाला.