नऊ किलो

नंदकुमारने आधी घड्याळ काढलं, मग कमरेचा पट्टा, मग पाकीट आणि किल्ल्या. सगळं टीपॉयवर नीट मांडून तो वजनकाट्यावर चढला आणि श्वास रोखून उभा राहिला. श्वासालाही वजन असतं अशी त्याची समजूत असावी. हॉलमधले सगळे पुढे वाकले.

"शहाऐंशी चारशे," ईश्वरीने वाचलं. आकडा वाचणं आणि तो फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहिणं, ही दोन्ही कामं तिच्याकडे होती. "काका, गेल्या रविवारी शहाऐंशी शंभर होतं."

"सॉक्स काढ रे नंद्या," सोफ्यावरून तिचे वडील, जयप्रकाश, म्हणाले. "तीनशे ग्रॅम त्यातच असतील."

कुणी हसलं नाही. जयप्रकाश एकटाच हसला, आणि तेवढ्यानेही त्याला धाप लागली. त्याचे डोळे पिवळे पडले होते, पोट पाण्याने फुगलं होतं आणि हातपायांच्या नुसत्या काड्या राहिल्या होत्या.

नेरूळच्या या घरात हा कार्यक्रम गेले पाच रविवार चालला होता. जयप्रकाशचं लिव्हर कामातून गेलं होतं. माणसाने आयुष्यात दारूच्या थेंबाला हात लावला नव्हता, पण खाण्यावर मात्र अतोनात जीव. लग्नाच्या पंक्तीत जिलबीचं ताट त्याच्यासमोर दोनदा यायचं. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं चरबी साचत गेली आणि आतल्या आत लिव्हर कडक झालं. आता कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायला हवा होता. त्याच्या बायकोला, चारुलताला, डायबेटिस. ईश्वरीला अठरा पूर्ण नाहीत. जुळला तो धाकटा भाऊ नंदकुमार, पण तपासणीत त्याच्याही लिव्हरमध्ये चरबी निघाली. दोन महिन्यांत नऊ किलो उतरवा, मग पुन्हा स्कॅन करू, असं सांगून हॉस्पिटलने डाएटिशियनचा कागद हातात ठेवला. महिना झाला, आणि उतरले होते जेमतेम दोन.

नंदकुमारची बायको अस्मिता पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेली, तशी चारुलता मागोमाग आली.

"काय काय देतेस गं भावजींना?"

हा प्रश्न दर रविवारी यायचा. अस्मिताने पाढे म्हणावेत तसं सांगितलं. सकाळी मोड आलेले मूग. डब्यात एक ज्वारीची भाकरी, उसळ, काकडी. चार वाजता मूठभर फुटाणे. रात्रीचं जेवण साडेसातच्या आत, ताट लहान, आधी भाजी, मग डाळ, भात नाहीच. चहा बिनसाखरेचा. जेवणानंतर अर्धा तास चालणं.

"तेल?"

"दिवसाला चार चमचे. दोघांत."

"दोघांत म्हणजे?"

"मी पण तेच खाते, वहिनी. त्यांच्या समोर बसून वेगळं कसं जेवू?"

चारुलताने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. अस्मिताचं ब्लाउज खांद्यावरून ओघळत होतं, आणि बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"तू उतरलीस," चारुलता म्हणाली. "दिसतंय."

ते कौतुक नव्हतं. अस्मिताला ते झोंबलं.

करंजाडेच्या आपल्या घरात तिने काय करायचं बाकी ठेवलं होतं? साखरेचा डबा माळ्यावर चढवला होता. आठ वर्षांच्या निशांतची बिस्किटं शेजारच्या गोजराकाकूंकडे ठेवली होती, आणि तो बिचारा गृहपाठ झाला की तिकडे जाऊन दोन खाऊन यायचा. रात्री सिडकोच्या त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर ती नवऱ्याबरोबर झपाझप चालायची. नंदकुमारही मुकाट्याने चालायचा, मुकाट्याने दुधी खायचा, डबा चाटूनपुसून आणायचा. इतकं सगळं करून वजन उतरत कसं नाही, हे कोडं तिला रात्रंदिवस कुरतडत होतं.

बुधवारी तो डबा ओट्यावरच विसरून गेला. निशांतला शाळेत सोडून अस्मिता तो घेऊन वाशीला निघाली. नंदकुमारचं ऑफिस सेक्टर सतरात. खाली दुकानं, वर ऑफिसं. ती पोचली तेव्हा दीड वाजून गेला होता. कोपरा वळली आणि तो तिला दिसलाच. बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत, वडापावच्या गाडीपाशी, फोन कान आणि खांद्यात धरून उभा.

पहिला वडापाव त्याने तीन घासांत संपवला. दुसरा हातात घेतल्यावर तो थांबला, डोळे मिटले आणि कडू औषध घ्यावं तसा घास तोंडात कोंबला. फोनवर 'हं, हं' चाललं होतं. मग शेजारच्या दुकानातून मलईची लस्सी आली. अर्धा ग्लास झाल्यावर त्याने तो खाली ठेवला, पोटावर हात दाबला, तोंड कसंनुसं केलं. मग बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा ग्लास उचलला.

अस्मिताने चौदा वर्षं या माणसाला जेवू घातलं होतं. वडापाव खाताना तो चटणीची बोटं चोखायचा, दुसऱ्याच्या कागदातला चुरा वेचायचा. हावरेपणा तिला लगेच ओळखू आला असता, आणि त्याला तिने माफही केलं असतं. पण हा हावरेपणा नव्हता. हा माणूस मुद्दाम खात होता, वजन उतरू नये म्हणून.

घाबरलेत, तिला वाटलं. ऑपरेशनला घाबरलेत आणि सांगता येत नाही.

तिला राग यायला हवा होता. तो आला नाही. आधी आलं ते सुटल्यासारखं वाटणं. कुणी माझ्या नवऱ्याचं पोट फाडणार नाही, निशांतचा बाबा घरीच राहणार, हे इतकं लख्ख तिच्या मनात उमटलं की तिला भर दुपारी त्या गल्लीत स्वतःची लाज वाटली. ती हाक न मारता मागे फिरली. बसडेपोच्या बाकावर बसून तिने डबा उघडला आणि अन्न फुकट जाऊ नये म्हणून सगळं स्वतः खाल्लं. संध्याकाळी तो आल्यावर, डबा विसरलो गं, म्हणाला. हो, बघितला, म्हणाली. त्यानंतर चार दिवस ती काही बोलली नाही.

पुढच्या रविवारी काट्याने शहाऐंशी नऊशे दाखवले.

ईश्वरीने आकडा वाचला नाही. ती पेन घेऊन फ्रिजपाशी नुसती उभी राहिली. चारुलता काट्याजवळ गेली, स्वतः वाकून पाहिलं आणि सरळ अस्मितासमोर येऊन उभी राहिली.

"बस झालं आता तुझं मूग आणि दुधी. तूच घालतेस ना त्यांना खायला?"

"चारू," जयप्रकाश म्हणाला.

"तुम्ही थांबा. हिला नकोच आहे हे. स्वतः वाळून दाखवते आणि नवऱ्याला तूप चारते. माझा नवरा मरतोय गं इथे! तीन आठवडे राहिलेत फक्त, कळतंय का तुला?"

अस्मिताने नंदकुमारकडे पाहिलं. तो खाली बघत पट्टा लावत होता, आणि त्याला पट्ट्याचं भोक सापडत नव्हतं. तिला चार दिवसांचं स्वतःचं गप्प बसणं आठवलं. वहिनी म्हणत होती ते अगदीच खोटं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "मीच देते."

नंदकुमारची मान झटक्यात वर आली. "अस्मिता, तू काय..."

"नंद्या, गप," जयप्रकाश म्हणाला. आवाज बारीक होता, पण भाऊ गप्प झाला. "अस्मिता, मला जरा धरून आत ने. आडवा होतो."

तिने त्याला बेडरूममध्ये नेऊन उशीला टेकवून बसवलं.

"दार लोट. खोटं का बोललीस?"

"दादा, खोटं आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

त्याने चादरीची सुरकुती हाताने साफ केली. मग पुन्हा केली.

"त्याला खायला मी लावतो. रोज दुपारी फोन करतो. गाडीपाशी उभा राहा म्हणतो, आणि त्याचं खाऊन संपेपर्यंत फोन ठेवत नाही. रडतो गधडा. पण खातो. लहानपणापासून माझं ऐकायची सवय आहे त्याला."

अस्मिता पलंगाच्या कडेवर बसली.

"मी ॲडमिट होतो ना, तेव्हा शेजारच्या रूममध्ये असाच एक भाऊ द्यायला आला होता. ज्याला दिलं तो आठ दिवसांत हिंडाफिरायला लागला. देणारा काही उठला नाही. त्याची बायको कॉरिडॉरमध्ये बसलेली असायची. तुझ्याच वयाची." तो दम घ्यायला थांबला. "मी नको म्हटलं तर चारू ऐकणार आहे? पोरगी ऐकणार आहे? वजनच उतरलं नाही तर डॉक्टरच नाही म्हणतील. कुणाचा दोष नाही, काही नाही. तीन आठवडे सांभाळून ने. शिव्या तुला खाव्या लागतील, हे कळतंय मला. आजवर मी कुणाकडे काही मागितलं नाही, अस्मिता. तुझ्याकडे मागतोय."

जे तिला चोरून हवं होतं ते हा माणूस आपल्या हाताने तिच्या ओटीत घालत होता. हो म्हणायचं आणि घरी जायचं, इतकं सोपं होतं. 'हो' तिच्या ओठांपर्यंत आलंही. पण त्याच्या त्या फुगलेल्या पोटाकडे बघता बघता तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"दादा, तुमचं लिव्हर कशाने गेलं?"

त्याने नजर खिडकीकडे वळवली.

"यांच्या लिव्हरमध्ये आत्ताच चरबी आहे. डॉक्टरांनी दाखवलं ना स्क्रीनवर? तुमचंही असंच सुरू झालं असेल."

"तीन आठवडे गं. मग कर तुझं डाएट."

"मग कुणासाठी करतील हे? तुम्ही नसाल. आणि आपण खाल्लं म्हणून दादा गेला, हे घेऊन हा माणूस पुढं जगेल कसा, तेवढं मला सांगा."

जयप्रकाशने डोळे मिटून घेतले. मग तो म्हणाला, "पाणी दे जरा." भांडं त्याच्या हातात राहीना, म्हणून तिने ते ओठांशी धरलं.

निघताना चारुलताने एक जड पिशवी नंदकुमारच्या हातात दिली. आत भाजीचे सात डबे होते. दुधी, घेवडा, कोबी, सगळं बारीक चिरलेलं, प्रत्येकावर वार लिहिलेला.

"सकाळी पाचला उठून चिरलंय, भावजी. तुमचं तुम्ही वाफवून घ्या. हिच्या हातचं खाऊ नका."

लिफ्टमधून दोघं खाली आले. गेटपाशी पोचल्यावर अस्मिता म्हणाली, "थांबा इथं. आलेच." आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने तीन मजले चढून तिने बेल वाजवली.

दार चारुलतानेच उघडलं. तोंड धुतल्यामुळे तिच्या केसांतून पाणी ठिबकत होतं.

"आता काय?"

"वहिनी, दादा रोज दुपारी यांना फोन करतात ना?"

"करतात. मीच लावून देते. त्यांची बोटं थरथरतात, नंबर चुकतो. का?"

"मग तुम्ही कुठे असता?"

"बाहेर येते मी. भावाभावांचं बोलणं, आपण कशाला कान द्यायचा?" तिचा आवाज जरासा मऊ झाला. "धीर देतात गं भावजींना. डाएट सोडू नको म्हणून. स्वतःला बसवत नाही, पण फोन चुकवत नाहीत."

कॉरिडॉरमध्ये बसलेली ती बाई अस्मिताच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. अजूनही मागे फिरता आलं असतं.

"उद्या फोन लावून दिलात की बाहेर येऊ नका," ती म्हणाली. "तिथंच बसा. आणि स्पीकरवर ठेवा."

"म्हणजे काय?"

पण अस्मिता जिना उतरायला लागली होती. कठड्याला धरून, एकेक पायरी.

नंदकुमार गेटजवळच्या कट्ट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. तिच्या चेहऱ्याकडे बघून तो उठला.

"दादानं तुला सांगितलं?"

"हो."

"आणि तू वहिनीला सांगितलंस?"

"मी नाही. उद्या त्याच ऐकतील."

तो पुन्हा खाली बसला. वॉचमन बघत होता, तरी त्याला रडू आवरलं नाही.

"मला द्यायचंय गं," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून द्यायचंच होतं. तो देऊच देत नव्हता."

अस्मिता त्याच्याजवळ उभी राहिली. तो घाबरलाय, या समजुतीवर तिने चार दिवस काढले होते. आता तोही आधार राहिला नाही.

"चला," ती म्हणाली आणि त्याच्या मांडीवरची पिशवी उचलली. "उन्हात भाजी खराब होईल."