पुण्याचा पोरगा

बंडोपंतांचा अपूर्व आठ वर्षं माडीवरून खाली उतरला नव्हता. नोकरी पुण्याच्या कंपनीची, खुर्ची बालाघाटची. आई लहानपणीच गेलेली; जेवण बाप टोपलीत घालून दोरीनं वर चढवी. उन्हाविना पोरगा इतका पांढरा पडला, की भिंतीवरची पाल सरळ त्याच्या गालावर चालत यायची. बंडोपंत मात्र गल्लीभर मिरवत, “आमचा अपूर्व पुण्याच्या कंपनीत आहे.” एक अक्षर खोटं नाही. गल्लीनंच त्याला पुण्यात नेऊन बसवलं.

एका सकाळी बंडोपंत नळावर कोसळले ते उठलेच नाहीत. कानाला हेडफोन, अपूर्वला रडारड ऐकू आली नाही. टोपली आली नाही म्हणून तो उतरला, तर अंगणात तिरडी बांधणं चाललेलं.

“अग्नी मी देणार. मी मुलगा,” तो पुटपुटला. दाढी छातीपर्यंत.

“हा कोण गा? वरचा किरायेदार काय?” शेजारच्या शीलाकाकूंनी विचारलं.

“काकू, मी अपूर्व.”

“तो पुण्यात हाय! बंडोपंत झूठ बोलत होते काय?”

त्यानं आधार कार्ड काढलं. बाबूलाल दुकानदारानं फोटोतला गुटगुटीत चेहरा पाहिला. “हा तं तुमचा नातू दिसते, दादा.”

काकूंनी डायरीतला अपूर्वचा नंबर लावला. माडीवरच्या मुक्या फोननं आपोआप उत्तर धाडलं: मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो.

“पाहा! बाप मेला अन् ह्याची मीटिंग! महागू, तूच दे आग.”

बंडोपंतांचा जुना चपराशी महागू डोळे पुसत उठला.

“थांबा, तो फोन माझाच! आणून दाखवतो!” अपूर्व धावला, म्हणजे धावायचं त्यानं ठरवलं. खुर्चीत मुरलेल्या पायांना बारा पायऱ्या चढून उतरायला पाऊण तास लागला. अंगण रिकामं होतं.

भिंती धरत तो वैनगंगेच्या घाटावर पोचला, तेव्हा चिता धडाडत होती. त्यानं महागूसमोर फोन धरला. काकूंचा कॉल, खाली ते उत्तर. महागूनं मोतीबिंदूचे डोळे बारीक केले, मग त्याचं नाक चाचपलं. बंडोपंतांचंच नाक.

“तूच होय गा! मंग अंगणात वरडला काहून नाही? थांबलो असतो ना.”

आठ वर्षं आवाज वाढवायला अपूर्व बटण दाबत आला होता.

“आता तं आग लागली, बाबू. घे, सगळ्यांसारखं एक लाकूड तूही टाक.”

त्यानं टाकलं. ते चितेपर्यंत पोचलंच नाही.