बाटलीवरचं कुंकू

तीस वर्षं प्रयोगशाळेत काचभांडी धुतली, पण माझ्यासारखा अक्कलशून्य माणूस म्या दुसरा पाहिला नाही.

खंडेनवमीले आमच्या इथं सगळ्या यंत्रांची पूजा होई. तराजू, पंप, दिवे, सगळ्यायले हळद-कुंकू. पूजा माझीच, आमचे प्रमुख सुमंत सर फक्त नारळ फोडत. त्या वर्षी सरांकडं पीएचडी करणाऱ्या नूपुरच्या तीन बाटल्या काळ्या डब्यात होत्या, चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या. आठ महिने खपून पोरीनं इरिडियम धातूचं औषध बनवलं होतं. निळ्या दिव्याखाली ते केशरी चमके. आजारी पेशीत शिरते, ती पेशी कुठं आहे ते दाखवते, अन् वरून उजेड पाडला की तिलेच मारते, असं तिनं मले समजावलं होतं. तिची आई तोंडाच्या कॅन्सरनं गेलेली.

"काका, याले उजेड इलाजाच्या वेळीच लागला पाहिजे. आधी लागला तर औषध कामातून गेलं." शंभरदा सांगितलं होतं तिनं.

पण कागदाले कुंकू कोण लावते? म्हटलं, पाच मिनिटांनी काय होते! कागद सोलले, टिळे लावले, बाटल्या खिडकीत मांडल्या. वाटलं, पोरीच्या कामाले देवाचा हात लागन. मग प्रसाद वाटण्याच्या गडबडीत विसरलो. दसऱ्याच्या सुट्टीत तीन दिवस त्यायच्यावर ऊन पडलं. सोमवारी सकाळी पाहतो तर बाटल्यायतलं औषधाचं पाणी फिक्कट झालेलं. गपचूप कागद गुंडाळले अन् बाटल्या डब्यात ठेवल्या.

दुपारी तपासणीत औषध चमकलंच नाही. सर तिच्यावर कडाडले, "नूपुर, बाटल्या उघड्या ठेवल्या होत्या ना?"

मी बाजूलेच, बेसिनवर उभा. दोन महिन्यांनी रिटायर होणार होतो. मान खाली घालून काचभांडी घासत राहिलो.

"चूक माझी, सर," ती म्हणाली.

पुन्हा बनवायले तिच्याकडं मुदत उरली नव्हती. पीएचडी सोडून ती भिवापूरले शाळेत शिकवायले गेली.

काल, दोन वर्षांनी, तिले फोन लावला. "पोरी, त्या बाटल्या म्या..." रडूच आलं.

"माहीत आहे, काका. कागद काढला तर आत कुंकू होतं. सर यायच्या आधी मीच पुसलं. तपासणी झाल्यावर संध्याकाळपर्यंत प्रयोगशाळेतच बसून राहिली. वाटलं, निदान मले तरी सांगाल."