पाच नंबरचा डाग

धुलाई केंद्रातली मुकादम आजवर डब्यांतून निवडली जायची. दोन पत्र्याचे डबे, पुढे पडदा आणि प्रत्येकीच्या मुठीत एक बटण. टण्ण वाजलं की मत पडलं. चाळीस वर्षं डाग तपासणाऱ्या आत्याने अशा अकरा निवडणुका पाहिल्या होत्या.

या खेपेला मॅनेजरला शहाणपण सुचलं. "मागे निम्म्याच बायकांनी मत दिलं. बायकांना उत्साह नाही, समाधान नाही. पद्धतच जुनाट!" त्याने टाय लावलेला एक सल्लागार आणला. निम्म्या बायकांना त्या दिवशी पाळीवरून सोडलंच नव्हतं, हे सांगायला आत्याने तोंड उघडलं, तर तिच्या हाती चहाचा कप दिला गेला.

उमेदवार दोनच. एक आत्याची सून, इस्त्रीवाली. वाफेने दोनदा भोवळ येऊन पडलेली. मुकादम झाली की आधी वाफ ओढणारा पंखा बसवून घेणार होती. दुसरी मॅनेजरची मेहुणी. हीसुद्धा कधीकाळी आत्याच्याच हाताखाली डाग बघायची. बहीण मॅनेजरच्या घरात पडली आणि हिचे पाय जमिनीला लागेनात.

"एकीलाच मत का?" सल्लागार टॅब्लेट नाचवत म्हणाला. "दोघींनाही एक ते पाच आकडा द्या. यात समजावण्यासारखं काय आहे?"

खरंच, बायकांना समजावायची गरजच नव्हती. रोज कपड्याला आकड्याची चिठ्ठी लागायची. एक म्हणजे साधा धुवा. पाच म्हणजे कामातून गेला, परत पाठवा. आत्याने सुनेला एक दिला आणि मेहुणीच्या फोटोखालचा पाच असा दाबला की टॅब्लेट टेबलावरून घसरला. बाकीच्याही तेच करून हसत बाहेर आल्या.

निकाल लागला. मेहुणी भरघोस मतांनी विजयी.

"अहो, उलटं झालं!" सून ओरडली. "आमच्याकडे पाच म्हणजे वाया!"

"ताई, हरल्यावर असंच वाटतं," सल्लागार हसला. "शिवाय समाधान शंभर टक्के आहे."

असणारच. हसरा चेहरा दाबल्याशिवाय टॅब्लेट पुढे सरकतच नव्हता.

आत्या मेहुणीसमोर जाऊन उभी राहिली. "तू तर माझ्या टेबलावर शिकलीस. पाच म्हणजे काय, सांग यांना."

मेहुणीचा चेहरा उतरला. तिने बायकांकडे पाहिलं, मग मॅनेजरकडे. "जुन्या गोष्टी कुठे लक्षात राहतात, आत्या," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली.

पंखा आला नाही. मुकादमीणबाईंच्या खोलीत मात्र गालिचा आला.

पुढच्या आठवड्यात मुकादमीणबाईंचा नवा कोट धुलाईला आला. कॉलरवर चहाचा थेंबभर डाग, दोन मिनिटांत निघाला असता. आत्याने कोट उजेडात धरून नीट पाहिला, पाच नंबरची चिठ्ठी टाचली आणि परतीच्या गठ्ठ्यात टाकला.

संध्याकाळी मेहुणी तणतणत आली. "आत्या, या कोटाला पाच? डोळे गेले का तुमचे?"

"अगंबाई!" आत्या म्हणाली. "आठवलं म्हणायचं तुला."